दहा मणी होईपर्यंत थांब

पत्र: मी तालुक्याच्या गावी बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या शाळेत विशेष शिक्षिका आहे. जागा कमी असल्याने मधल्या सुट्टीत सगळे वर्ग एकाच व्हरांड्यात डबा खातात. पूर्व-व्यावसायिक गटातली १७ वर्षांची एक मुलगी सेरेब्रल पाल्सी असलेल्या १० वर्षांच्या एका मुलाला फार जीव लावते. त्याची व्हीलचेअर ढकलते, दप्तराची चेन उघडते, डबा उघडते, भरवते, तोंड पुसते. पाहुणे आले की तिचं कौतुक करतात, फोटो काढतात. पण जूनमध्ये हाच मुलगा चमच्याने स्वतः खायचा. आता चमचा हातात दिला तरी तिच्याकडे बघत बसतो. आई सांगते, घरीही भरवावं लागतं. डाऊन सिंड्रोम असलेला आमचा एक मुलगा प्रेमाने सगळ्यांच्या गळ्यात पडतो. आणि एका स्वमग्न मुलाला कुणी जवळ घेत नाही, कारण तो ढकलतो. संक्रांत तोंडावर आली आहे, सगळी मुलं एकमेकांना तिळगूळ द्यायला उत्सुक आहेत. मुलांची ही माया मला मोडायची नाही, पण कुठेतरी चुकतंय असं वाटतं. काय करू? – एक विशेष शिक्षिका

प्रिय ताई,

तो जूनमध्ये स्वतः खायचा हे तुमच्या लक्षात राहिलं, ही तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट. पाहुण्यांना व्हरांड्यात फक्त माया दिसते. ती खरी आहेच, पण त्या मायेखाली एका मुलाचा कमावलेला हात हळूहळू मागे चालला आहे, आणि ते तुम्हाला दिसलं. माया मोडायची मुळीच गरज नाही. तिला थांबायला शिकवायचं आहे. आणि जो रोज फक्त घेतो त्यालाही काहीतरी देता यावं, ‘नको’ म्हणता यावं, एवढी सोय करायची आहे. खाली जे लिहितो आहोत ते सगळं या दोन गोष्टींसाठीच. सोयीसाठी त्या मुलीला मोठी आणि मुलाला छोटा म्हणू.

आधी हे का झालं ते बघू. सेरेब्रल पाल्सीत मेंदूकडून स्नायूंना जाणारा निरोप विस्कळीत होतो. चमचा उचलायचा असं छोट्याने मनात आणल्यापासून त्याची बोटं प्रत्यक्ष वळेपर्यंत कित्येक सेकंद जातात. भोवती आरडाओरडा असेल, कुणी घाई करत असेल तर हात आणखी कडक होतो आणि जास्तच वेळ लागतो. मोठीचा हात मात्र दोन सेकंदांत पोचतो. म्हणजे छोट्याच्या हाताने सुरुवात करायच्या आतच घास तोंडात गेलेला असतो. दिवसातून वीस-पंचवीस घास, महिन्याचे वीस-बावीस दिवस, असे सहा महिने. आपण हात हलवला काय नि न हलवला काय, घास येतोच, हे तो शिकला. तो आळशी झालेला नाही आणि विसरलेलाही नाही. अनुभवाने जे शिकवलं ते त्याने अगदी बरोबर उचललं आहे.

म्हणून पहिले तीन दिवस काहीही बदलू नका, फक्त मोजा. हातातलं साधं घड्याळ पुरे. डबा समोर आल्यापासून मोठीचा हात किती सेकंदांत पुढे येतो, आणि त्या वेळात छोट्याने काय केलं: डब्याकडे पाहिलं, खांदा हलवला, बोटं उघडली, की काहीच नाही. खांद्याची हालचाल बहुतेक वेळा दिसेल, फक्त आजवर तिकडे कुणी बघितलेलं नसतं. सिकंदराबादच्या बौद्धिक अक्षमतेसाठीच्या राष्ट्रीय संस्थेची एफएसीपी, म्हणजे मुलाला कुठलं काम किती मदतीने जमतं ते नोंदवायची तपासणी सूची, तुमच्या कपाटात असेलच. जेवणाच्या कलमांसमोर जूनमध्ये काय खूण केली होती आणि आज काय करावी लागेल, ते शेजारी-शेजारी लिहा. जूनमध्ये खुणेने किंवा तोंडी सूचनेने होणारं काम आज हाताला धरून करून घ्यावं लागत असेल, तर मुख्याध्यापकांपुढे ठेवायला तेवढा कागद पुरेसा आहे.

चौथ्या दिवसापासून भरवण्याचं काम मोठीकडून काढून घ्या. हे कठोर वाटेल, पण यात तडजोड नको, कारण हा सुरक्षेचा प्रश्न आहे. मुलं भरवताना उभी राहतात, त्यामुळे चमचा वरून येतो. वरून येणाऱ्या चमच्यासाठी मूल मान मागे टाकतं, आणि मान मागे गेली की घास किंवा पाणी श्वासनलिकेत जाण्याचा धोका वाढतो. आधीचा घास गिळून झाला का, हेही मुलं बघत नाहीत, मध्येच हसवतात. जेवताना छोट्याला वारंवार खोकला येत असेल, खाल्ल्यावर आवाज ओला-घरघरता होत असेल किंवा छातीचा संसर्ग पुन्हा पुन्हा होत असेल, तर स्वतः खाण्याचा प्रयोग सुरू करण्याआधी डॉक्टर आणि स्पीच थेरपिस्टला दाखवा.

पण मोठीला उठवू नका. तिची जागा तीच राहू द्या, छोट्याच्या शेजारी, तिचा स्वतःचा डबा उघडून. (गेले सहा महिने ती स्वतः केव्हा जेवते, तेही एकदा बघा. अशा मुली बहुधा सगळ्यांच्या शेवटी, घाईघाईत खातात.) त्याच दिवशी तिला नवीन काम द्या. काम हातातून गेलं आणि दुसरं मिळालं नाही, तर तिला एवढंच कळेल की आपलं काहीतरी चुकलं, बाई रागावल्या. प्रेमाबद्दल शिक्षा झाली असं तिला एक दिवसही वाटता कामा नये.

नवीन काम म्हणजे थांबायचं. जाड दोरीत सुपारीएवढे दहा लाकडी मणी ओवा, दोन्ही टोकांना गाठी मारा आणि मणी सरकवायला वीतभर दोरी मोकळी सोडा. छोट्याने काही करायची वेळ आली की मोठीने एकेक मणी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकवायचा. तिला दहापर्यंत मोजता येत नसलं तरी चालेल, मणी संपले की दहा झाले. सावकाश सरकवले तर साधारण दहा सेकंद जातात. हात मण्यांत गुंतल्यामुळे ते डब्याकडे धावत नाहीत, हा दुसरा फायदा. नुसतं ‘थांब हं’ सांगून भागत नाही. रिकाम्या हातांनी थांबणं भल्या-भल्या मोठ्यांनाही जमत नाही.

मणी संपेपर्यंत छोट्याने सुरुवात केली तर ती बघत राहील. नाही केली तर ती विचारेल, ‘मदत हवी?’ आणि उत्तर मिळेपर्यंत पुन्हा थांबेल. हवी असेल तर तिने फक्त पुढची एक पायरी करायची, सगळं काम नाही. डब्याच्या झाकणाची कडी ती सैल करेल, झाकण तो ढकलेल. चेन ती अर्ध्यापर्यंत आणेल, उरलेली तो ओढेल. त्यासाठी चेनच्या खिट्टीला त्याची दोन बोटं जातील एवढी मोठी कडी किंवा नाडीचा फास लावून द्या.

कौतुक थांबण्याचंच करा, आणि नेमकं करा. ‘किती गुणी गं तू’ म्हटलं तर ती आणखी धावून मदत करेल. ‘तू थांबलीस म्हणून त्याने स्वतः झाकण उघडलं, बघ’ असं म्हटलं की तिला दोन्ही गोष्टी एकत्र दिसतात. एक कळकळीची सूचना: चांगुलपणासाठी चांदण्यांचा तक्ता लावू नका. तक्ता लागला की मदत ही मिळवायची वस्तू होते. मग चांदणीसाठी मुलं दुसऱ्याच्या पायातला बूट काढून पुन्हा घालायला बसतात, आणि ज्याला मदत लागते तो सगळ्यांच्या ओढाताणीत सापडतो.

आता छोट्याचा चमचा. बसण्यापासून सुरुवात करा, कारण बैठक डळमळीत असेल तर सगळी ताकद तोल सांभाळण्यात जाते, हाताला काही उरत नाही. कंबर पाठीला टेकलेली, गुडघे काटकोनात, तळपाय टेकलेले. पाय लोंबकळत असतील तर खाली लाकडी पाट किंवा रद्दीचे गठ्ठे घट्ट बांधून ठेवा. टेबल कोपरांच्या उंचीचं हवं, म्हणजे कोपर टेकवून हात वर नेता येतो. ताटली घसरू नये म्हणून खाली ओला करून पिळलेला नॅपकिन अंथरा. ताटली उभ्या काठाची घ्या, सपाट ताटात घास पुढे पळत राहतो. चमच्याचा दांडा अडीच-तीन सेंटिमीटर जाड करा. सायकलच्या हँडलची रबरी मूठ बसवा, नाहीतर फोमची पट्टी गुंडाळून वर चिकटपट्टी लावा. आईला सांगून महिनाभर डब्यात चमच्याला धरून राहणारे पदार्थ मागवा: घट्ट वरणात कालवलेला मऊ भात, जाडसर खिचडी, दुधात कुस्करलेली पोळी. पातळ आमटी आणि सुट्टा भात वाटेतच सांडतो आणि मुलाचा धीर सुटतो.

शिकवताना शेवटाकडून सुरुवात करा. पहिल्या आठवड्यात घास तुम्ही भरा, दांडा त्याच्या मुठीत द्या आणि कोपराला आधार देत हात ओठांकडे न्या. ओठ चार बोटांवर आले की आधार सोडा. ती चार बोटं त्याची. ती नीट जमली की वीतभर अंतर त्याचं, मग ताटलीपासून तोंडापर्यंतचं सगळं, आणि चमच्यात घास भरणं सगळ्यात शेवटी, कारण ते सगळ्यात अवघड आहे. या क्रमाचं कारण साधं आहे: प्रत्येक प्रयत्नाचा शेवट तोंडात पडलेल्या घासाने होतो, निराशेने होत नाही. आधार नेहमी कोपराला द्या आणि तोंड दिसेल असं बाजूला, किंचित मागे बसा. मनगट पकडून ओढलं तर कडक हात उलट आणखी आखडतो.

सगळं जेवण असं खायला लावू नका. पोटात भूक असते ते पहिले पाच-सहा घास त्याचे, बाकीचे तुम्ही किंवा मावशींनी शांतपणे समोर बसून, चमचा खालून आणून भरवायचे. हात थकतो, आणि थकलेल्या हाताकडून सांडलवंड होते. पोटभर खाणं हा त्याचा हक्क आहे, शिकवण्यापायी उपाशी ठेवायचं नाही. आठवड्याला दोन घास वाढवत न्या.

पहिल्या आठवड्यात काय बिनसेल ते आधीच सांगून ठेवतो, म्हणजे तुम्ही डगमगणार नाही. तो रडेल, चमचा फेकेल, मोठीकडे बघून आवाज काढेल. आजवर जे चालत आलं ते बंद झालं की ते परत मिळवायला मूल आधी जास्त जोर लावतंच. चौथ्या-पाचव्या दिवशी कुणीतरी विरघळून पूर्ण भरवलं तर तो शिकेल की पुरेसं रडलं की जुनं परत येतं, आणि पुढचं काम दुप्पट कठीण होईल. हे ‘कुणीतरी’ म्हणजे बहुतेक वेळा दुसरं मूल नसतं, आपल्या मावशी असतात. त्यांचा जीव तुटतो. म्हणून योजना आखतानाच त्यांना सोबत घ्या, बाजूला ठेवू नका. आईलाही आधी भेटा. शर्टावर डाग घेऊन मूल घरी गेलं की तिला वाटतं शाळेत कुणी लक्ष देत नाही. तिला सांगा की काही दिवस शर्ट मळेल, जादा शर्ट पाठवा, आणि घरी रोज एका जेवणाला हाच चमचा, हीच बैठक, पहिले पाच घास. जेवणाला वीस मिनिटांऐवजी पस्तीस लागतील. छोट्याला पंधरा मिनिटं आधी बसवा.

आणखी एक गोष्ट पुष्कळदा निसटते. मोठी डब्यापाशी थांबायला शिकली म्हणजे ती बुटाच्या पट्ट्यापाशीही थांबेल, असं नाही. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांत एका जागी शिकलेलं दुसऱ्या जागी आपोआप जात नाही. डबा, दप्तर, बूट, हात धुण्याचा नळ, प्रत्येक ठिकाणी मणी घेऊन नव्याने शिकवावं लागेल. दुसऱ्या-तिसऱ्या ठिकाणी वेळ कमी लागतो. व्हीलचेअरचंही तसंच: ढकलायच्या आधी समोर येऊन विचारायचं, मागून अचानक ढकलायची नाही. ओढणी पिन लावून आत खोचलेली हवी, चाकात अडकते. थांबलं की ब्रेक. उतारावर मुलांनी खुर्चीला हात लावायचा नाही. तिथे मोठं माणूसच लागतं, आणि उतरताना खुर्ची उलटी, पाठीकडून खाली न्यायची.

आता छोट्याच्या ‘नको’कडे येऊ. तो बोलत असेल की नाही ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण बोलत नसला तरी तो नको म्हणतच असतो: ओठ मिटतो, मान फिरवतो, अंग ताठ करतो. बाकीच्या मुलांना हे वाचता येत नाही, कारण त्यांना कुणी शिकवलेलं नसतं. परिपाठात रोज पाच मिनिटं यासाठी काढा. एक शिक्षिका छोट्याच्या जागी, एक मावशी मदतनीस. मावशी विचारतात, शिक्षिका मान फिरवते, मावशी ‘बरं’ म्हणून हात मागे घेतात. मग हेच मुलांनी दोघा-दोघांनी करायचं. चुकीचं कसं दिसतं ते दाखवण्याचा मोह टाळा. आपली बरीच मुलं जे बघतात ते उचलतात. चुकीचा प्रसंग रंगवला तर तोच घरी जाऊन करून दाखवतात. ‘हो’, ‘नको’, ‘थांब’ अशी तीन चित्रकार्डंही करा, तळहाताएवढी, लॅमिनेशन करून, व्हीलचेअरच्या ट्रेवर वेल्क्रोने चिकटवलेली. त्याचा हात जिथे सहज पोचतो तिथेच ‘नको’ ठेवा. आणि त्याने ‘नको’ला हात लावला की ते दर वेळी पाळलं गेलं पाहिजे, तुम्हाला घाई असली तरी. दोनदा जरी दुर्लक्ष झालं तरी ते कार्ड त्याच्यासाठी निरुपयोगी होतं. औषध, स्वच्छता अशा न टाळता येणाऱ्या गोष्टींसाठी ‘नको’ विचारूच नका. तिथे ‘आधी हे, मग ते’ सांगा.

छोट्याने काय द्यावं? याचा विचार आपल्या शाळांत फार कमी होतो. सकाळपासून त्याच्यासाठी सगळे करतात, त्याच्याकडून कुणाला काही मिळत नाही. सगळ्यांचे चमचे एका डब्यात घालून तो डबा त्याच्या ट्रेवर ठेवा. जेवायच्या आधी खुर्ची रांगेपुढून जाईल, आणि प्रत्येकाने चमचा त्याच्याकडून घ्यायचा. डब्यातून चमचा उचलून पुढे करायला त्याला जेवढा वेळ लागेल तेवढा सगळी रांग थांबेल. इथेही मोठीच्या हातात मणी असू द्या. त्याच्या हाताला रोज बारा-पंधरा वेळा पकडण्याचा आणि सोडण्याचा सराव होतो. सेरेब्रल पाल्सीत वस्तू सोडणं हे पकडण्याहून अवघड असतं, त्यामुळे या व्यायामाची फिजिओथेरपिस्टही दखल घेतील. आणि मोठी त्याला ‘थँक यू’ म्हणते तेव्हा त्याचा चेहरा बघा. दोन-तीन महिन्यांनी काम बदला, पण कुठलं तरी काम त्याच्याकडे राहू द्या.

हाच नियम वाढदिवसाच्या पाहुण्यांना लावा. लोक मायेनेच येतात, मुलाचा किंवा आई-वडिलांचा दिवस शाळेत साजरा करतात, खाऊ वाटतात. त्यांना नम्रपणे सांगा की वाटप मुलं करतील: कुणी ताटल्या मांडेल, कुणी केळी देईल, आणि पाहुण्यांनाही मुलांनी वाढायचं. मोठी छोट्याला भरवतानाचे फोटो मात्र बंद करा. पालकांच्या परवानगीचा प्रश्न आहेच, पण त्याहून मोठी अडचण अशी की कॅमेरा पुढे आला की मोठी मणी खाली ठेवून भरवायला लागेल. तिला ठाऊक आहे लोकांना काय आवडतं.

गळ्यात पडणाऱ्या मुलाबद्दल. डाऊन सिंड्रोममध्ये हाडं बांधून ठेवणारे अस्थिबंध सैल असतात, काही मुलांत मानेच्या पहिल्या दोन मणक्यांमधलेही. म्हणून मस्तीत कुणी त्याच्या मानेला लोंबकळणं, मान खाली दाबणं, त्याला कोलांटी मारायला लावणं धोक्याचं आहे. त्याची चाल अचानक बदलली, मान वाकडी धरू लागला, हातापायांतली ताकद कमी वाटली किंवा कपड्यात लघवी होऊ लागली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. मिठीवर नुसती बंदी घालू नका, तिच्या जागी दुसरं काहीतरी द्या. दारात तीन चित्रं लावा: नमस्कार, टाळी, मूठ भिडवणं. समोरच्याने चित्र निवडायचं आणि त्याने ते करायचं. हात समोर लांब केला की जेवढं अंतर, तेवढ्यावर उभं राहायचं. हा नियम शिक्षकांना, मावशींना आणि पाहुण्यांनाही सारखाच. पाहुण्याला मिठी चालते आणि वर्गातल्या मुलीला चालत नाही, हे त्याला कसं समजणार? आज तो गोड दिसतो. चार वर्षांनी तोच मुलगा एसटी स्टँडवर अनोळखी बाईच्या गळ्यात पडला तर मार खाईल. उलट बाजूनेही, ज्याला कुणीही जवळ घेतलं तरी चालतं त्या मुलाचा गैरफायदा घेणं सोपं असतं. तसंच मोठ्या मुलांनी लहानांना शौचालयात नेणं, कपडे बदलणं हे कितीही प्रेमाने होत असलं तरी ते मुलांचं काम नाही. तिथे फक्त नेमून दिलेल्या मावशी किंवा काळजीवाहक.

ढकलणाऱ्या मुलासाठी पाच दिवस तीन रकाने भरा: आधी काय घडलं, त्याने काय केलं, नंतर काय झालं. बहुतेक नोंदी रांगेतल्या, घंटेच्या किंवा हात धुण्याच्या गर्दीच्या निघाल्या तर गोष्ट उघड आहे. स्वमग्न मुलांपैकी अनेकांना आवाज आणि ओझरता स्पर्श असह्य होतो. तो ढकलतो ते जागा करून घ्यायला. मग बाकीच्या मुलांना ‘त्याच्याशी खेळा, त्याला जवळ घ्या’ असं सांगू नका. त्याच्याशी प्रेमाने वागणं म्हणजे त्याला जागा देणं. रांगेत तो सगळ्यात शेवटी, पुढच्या मुलापासून एक फरशी सोडून. फरशीवर रंगीत पट्टी चिकटवा. घंटा होण्याआधी एका ठरलेल्या मुलाने त्याच्यासमोर घंटेचं कार्ड धरायचं, म्हणजे आवाज अचानक येणार नाही. टाळ्यांऐवजी सगळ्यांनी हात वर करून बोटं हलवायची. कार्यक्रमात हे फार सुंदर दिसतं. खेळताना एकाच मुलाने, तसल्याच वस्तू घेऊन, त्याच्या शेजारी हातभर अंतरावर बसायचं. बोलायचं नाही, मागायचं नाही. आठ-दहा दिवसांनी एखादी वस्तू मध्ये सरकवून बघायची. त्याने ती घेतली तर पुष्कळ झालं.

संक्रांत. तिळगूळ देणं ही आपल्या मुलांना सहज जमणारी देवाणघेवाण आहे, दोन्ही बाजूंनी होते, आणि सोबत बोलायला एक ठरलेलं वाक्यही असतं. ती जरूर होऊ द्या. फक्त आदल्या दिवशी प्रत्येक मुलाच्या फायलीतलं आहाराचं पान पाहा. कडक लाडू आणि हलव्याचे दाणे चावायला-गिळायला अडचण असलेल्या मुलांना देऊ नका, त्यांच्यासाठी तीळ बारीक कुटून मऊ, ओलसर केलेला तिळगूळ वेगळा करा. फिट्ससाठी किटोजेनिक आहारावर असलेलं मूल असेल तर एक छोटी वडीसुद्धा त्याचं गणित बिघडवू शकते. त्या आहारात साखर आणि पिष्ट अगदी मोजून दिलेलं असतं आणि ते वाढलं की फिट परत येऊ शकते. प्रेडर-विली सिंड्रोम असलेल्या मुलाला पोट भरल्याची जाणीवच होत नाही, तो प्रत्येकाचा तिळगूळ खाईल. या मुलांसाठी कागदी तिळगूळ करा: रंगीत कागदात गुंडाळलेला मणी किंवा चित्र. फक्त त्यांनाच वेगळं देऊ नका, सगळ्या वर्गाने सगळ्यांना कागदी द्यायचं, आणि खायचा तिळगूळ ताटलीत तुम्ही वाढायचा. एरवीही डब्यातलं एकमेकांना देण्याची एकच रीत ठेवा: आधी ताईंना दाखवायचं, मग द्यायचं.

फिटचा विषय निघालाच आहे, तर मुलांची कामं वाटून द्या. एकाने धावत जाऊन शिक्षकांना बोलवायचं, एकाने जवळची खुर्ची-बाक बाजूला करायचे, बाकीच्यांनी भिंतीपाशी जाऊन बसायचं. कुणी हातपाय दाबून धरायचे नाहीत, तोंडात काही घालायचं नाही, कांदा-चप्पल हुंगवायची नाही. कुशीवर वळवणं आणि घड्याळ बघणं हे मोठ्यांचं. पाच मिनिटांत थांबली नाही तर दवाखाना. दर पंधरवड्याला मुलांकडून करून घ्या, नाहीतर ऐन वेळी सगळी प्रेमाने गराडा घालतात.

शेवटी मोठीबद्दल थोडं. ती १७ वर्षांची आहे. १८ पूर्ण झाली की तिला शाळा सोडून मोठ्यांच्या, काम शिकवणाऱ्या कार्यशाळेत जावं लागेल. छोट्याला हे कुणी सांगणार नाही आणि तिलाही सांगायला सगळे कचरतील. आत्तापासून आठवड्यातले दोन दिवस छोट्याशेजारी दुसरं मूल बसू द्या, मण्यांची माळ त्याच्या हातात. मोठीने शेजारी बसून त्याला माळ सरकवायला शिकवायचं. फेब्रुवारीत तीन दिवस, मार्चमध्ये चार. त्या दिवशी मोठीने तिच्या बरोबरीच्या मुलींसोबत जेवायचं, आणि कागदी पिशव्या, राख्या, पणत्या, जे काम तुमच्या गटात चालतं त्यात तिचा हात कुठवर आला आहे ते तुम्ही बघायचं. सहा महिन्यांत त्याकडेही थोडं दुर्लक्ष झालं असेल. छोट्याच्या ट्रेवर तिचा फोटो आणि नव्या सोबत्याचा फोटो वेल्क्रोने लावा, आज कोण ते सकाळी त्याने स्वतः काढून ‘आज’च्या चौकोनात लावायचं. शाळा सुटायच्या शेवटच्या आठवड्यात दहा मण्यांची आणखी एक माळ ओवा. ओवायला छोट्याला बसवा, मोठ्या भोकाचे मणी आणि टोकाला चिकटपट्टी गुंडाळून ताठ केलेली दोरी द्या. दिवसाला दोन मणी झाले तरी पाच दिवसांत होते. ती माळ तो मोठीला देईल.